यूपीएस बसतो, तेव्हा आधी बॅटरी तपासा

पुंडलिकनगरात भर लग्नसराईत माझ्या कापड दुकानातला सर्व्हर दोनदा बंद पडला. वीज गेली, यूपीएसने क्षणभर साथ दिली आणि तोही बसला. दिवसभराची उधारी पुन्हा लिहावी लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, नवा यूपीएस घ्या. मी नकार दिला.

मीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणून तिच्यावर संशयच गेला नाही. पण भार न टाकता मोजलेला व्होल्ट म्हणजे न ताणता पारखलेले कापड. भार पडताच तो कोसळला. बॅटरी ४ वर्षांची! या सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यावर १० अंश वाढले की ते जवळपास निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, आणि यूपीएस आपण ठेवतो गठ्ठ्यांमागे, जिथे वारासुद्धा लागत नाही. त्यात लेझर प्रिंटरही त्यालाच जोडलेला. तो तापताना एवढी वीज ओढतो की धडधाकट यूपीएसही बंद पडावा.

व्यापारी बांधवांनो, ताग्याचा मीटर न् मीटर मोजून घेणारे आपण बॅटरीवरची तारीख मात्र वाचत नाही. मी बॅटरी बदलली, प्रिंटर भिंतीच्या प्लगवर नेला. आता दर ३ महिन्यांनी दुकान वाढवल्यावर सर्व्हर रीतसर बंद करतो, यूपीएसला १०० वॅटचे दोन बल्ब जोडतो, भिंतीचे बटण बंद करतो आणि घड्याळ घेऊन बसतो.