सांगितलेला व्यायाम, झालेला व्यायाम

गुडघ्याच्या सांध्याची झीज झालेल्या वृद्ध रुग्णास व्यायाम सांगावा की सांगू नये, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत, व्यक्तीच्या गरजेनुसार आखलेला व्यायाम हा या विकारातील प्रत्येक रुग्णाचा मूलभूत उपचार म्हणून नमूद केला असून, ज्या पॅरासिटामॉलच्या गोळीवर आपल्याकडे आजही मोठी भिस्त ठेवली जाते, ती सरसकट देऊ नये अशी शिफारस केली आहे. वाद उरला आहे तो आपल्याच व्यवसायाच्या अंतर्गत कारभाराविषयीचा: आपण जो व्यायाम सांगतो, तो उपचार या नावास पात्र असतो काय?

बाह्यरुग्ण विभागात फेरतपासणीस आलेल्या एखाद्या सत्तरीच्या आजींना, आपण दिलेला व्यायाम करून दाखवण्याची विनंती करावी. त्या पिशवीतून चौघडी घातलेला, कडा विरलेला कागद काढतात, त्याकडे एकवार पाहतात, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन श्वास कोंडून एक हिसका देतात. मांडीचा स्नायू धड आवळलाही जात नाही, दाब गुडघ्याऐवजी नितंबावर येतो, आणि पाच आकडे धरून ठेवायचा दाब दोन आकडे मोजण्यापूर्वीच सुटतो. त्यांनी हयगय केलेली नसते; सकाळ-संध्याकाळ, नेमाने, त्या एवढेच करीत आलेल्या असतात. पहिल्या दिवसानंतर त्यांचा व्यायाम कोणी पाहिला नाही, चार महिन्यांत त्याचा भार वाढवला नाही, आणि त्याने जिना चढणे सोपे झाले की नाही याची कोठे नोंद ठेवली नाही, ही कसूर त्यांची नव्हे, आपली आहे.

त्यातच रुग्णाच्या मनात भीती घर करून असते. ‘वंगण संपलं, वाट्या झिजल्या, आता जितकं चालेन तितकं आणखी झिजेल,’ ही कैफियत आपण रोज ऐकतो, आणि क्ष-किरण चित्र दिव्यापुढे धरून ‘फार झीज आहे हो’ असे उद्गार काढणारे वैद्यकीय व्यावसायिकच पुष्कळदा तिला दुजोरा देतात. वस्तुस्थिती निराळी आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण सांध्यातील द्रवातून, दाब पडणे आणि दाब सुटणे या क्रियेनेच होते. उलट वेदना आणि सूज यांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी चेतनाच रोखली जाते, स्नायू रोडावतो, सांध्यावरचा ताण वाढतो, आणि जपून ठेवलेला गुडघा अधिकच दुबळा होत जातो. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 साली क्ष-किरण चित्रावरून झिजेच्या श्रेणी लावून दिल्या खऱ्या, पण श्रेणी आणि वेदना हातात हात घालून चालत नाहीत, हे प्रत्येक अनुभवी व्यावसायिक जाणतो. ते रुग्णाला सोप्या शब्दांत समजावून सांगणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे.

पुराव्याविषयीही आपण प्रांजळ असले पाहिजे. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट’ या प्रयोगात साठीपुढील 439 रुग्णांपैकी चालण्याचा वा वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची वेदना व असमर्थता, केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्यांपेक्षा दीड वर्षाच्या मुदतीत कमी आढळली. आणि ज्यांनी व्यायाम अधिक नियमाने केला त्यांना लाभही अधिक झाला. तथापि 139 प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या 2024 च्या कॉक्रेन समीक्षेने सरासरी लाभ माफकच ठरवला आहे. आणि जड वजनांच्या व्यायामाची हलक्या वजनांच्या व्यायामाशी तुलना करणाऱ्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार्ट’ प्रयोगात दीड वर्षानंतर जड वजने सरस ठरली नाहीत. केवळ भार वाढवून इष्टसिद्धी होत नाही, हा त्याचा बोध आहे. स्थूल रुग्णांत आहार आणि व्यायाम यांची सांगड नुसत्या व्यायामापेक्षा अधिक गुणकारी ठरते, हे 2013 च्या ‘आयडिया’ प्रयोगाने दाखवले. लाभ माफक आहे म्हणून व्यायाम सोडावा असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की जो लाभ शक्य आहे तोही अर्धवट सांगण्याने आपण रुग्णाच्या पदरात पडू देत नाही.

मग काय तजवीज करावी? डेन्मार्कमध्ये 2013 पासून चालू असलेल्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमाचे स्वरूप अनुकरणीय आहे: रोग समजावून देणारी दोन सत्रे, देखरेखीखालील व्यायामाची बारा सत्रे, आणि आरंभी व पुढे ठरावीक मुदतींनी मोजमाप. एवढा डोलारा प्रत्येक दवाखान्यास पेलणार नाही. परंतु हात छातीशी घडी घालून तीस सेकंदांत रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठतो, हे मोजून नोंदवहीत टिपण्यास एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरते. उठणे जड जात असेल तर आसनावर उशी ठेवून उंची वाढवावी, बळ येईल तशी ती काढावी, आणि उठण्याइतकेच सावकाश बसण्यावर लक्ष ठेवावे. वेदनेचा नियमही स्पष्ट सांगावा: शून्य ते दहाच्या मापात पाचापर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी ते पूर्वपदावर आले पाहिजे, न आल्यास व्यायाम बंद न करता मात्रा कमी करावी. व्यायामाचे ध्येयही रुग्णाच्याच आयुष्यातून घ्यावे: एस. टी. ची उंच पायरी, देवघरापुढचा पाट, तिसऱ्या मजल्यावरचे घर.

आमची व्यवसायबंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे, की गुडघ्याच्या कोणत्याही वृद्ध रुग्णास पुढील भेटीची तारीख दिल्याशिवाय व्यायामाचा कागद देऊ नये, त्या भेटीत व्यायाम करवून पाहिल्याशिवाय नवा लिहू नये, आणि पहिल्या दिवशीच्या मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय तो लागू पडला वा पडला नाही असा निर्वाळा देऊ नये. यास वेळ लागतो, गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो काढणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु औषधाची मात्रा आणि मुदत न लिहिणाऱ्या वैद्यास आपण जसे बेजबाबदार ठरवू, तसे आपणही ठरू नये, याची काळजी घेणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.