जबड्यातील हाड आणि रुग्णाची संमती

दाढ काढली की दुखणे संपले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. पण मुळाचा आधार गेलेले जबड्याचे हाड स्वस्थ बसत नाही. ते झिजू लागते. वर्षभरात त्या जागी हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटते आणि त्यातील बराच भाग पहिल्या तीन महिन्यांतच नाहीसा होतो. वर्षानुवर्षे कवळीवर काढलेला गृहस्थ इम्प्लांटची चौकशी करू लागतो, तेव्हा खुंटी ठोकण्यापुरती भिंतच तेथे शिल्लक नसते.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, या निरीक्षणाच्या बळावर स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविले. पण एकजीव व्हावयास मुळात हाड हवे. ते नसेल तर हनुवटीतून वा अक्कलदाढेच्या मागून रुग्णाचे स्वतःचेच हाड घेता येते. त्यात जिवंत पेशी असतात, मात्र दुसरी जखम सोसावी लागते. म्हणूनच पर्यायी भुकटीचा वापर वाढला. वेलीला मांडव लागतो, तशी ही भुकटी नव्या हाडाला आधार देते. त्यासाठी बहुधा चार ते नऊ महिने थांबावे लागते.

ही भुकटी येते कोठून, हा प्रश्न मात्र दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. जगभर सर्वाधिक अभ्यासलेल्या भुकट्यांपैकी एक गोवंशाच्या हाडापासून तयार होते. त्यावर अंथरला जाणारा कोलॅजनचा पडदा अनेकदा डुकराच्या कातडीचा असतो. रुग्ण इंग्रजी संमतिपत्राखाली सही करतो. तेथे केवळ ‘बोन ग्राफ्ट’ एवढेच लिहिलेले असते. ज्या घरात गाय पूज्य आहे, त्या घरातील आजोबांना हे शस्त्रक्रियेनंतर कळावे, यास संमती कसे म्हणावे? जैन कुटुंबाचा आणि डुकराच्या बाबतीत मुस्लीम रुग्णाचाही अधिकार तितकाच आहे. शिवाय ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही, कारण गोवंशीय कण वर्षानुवर्षे हाडात टिकून राहतात.

या भुकटीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ती सावकाश विरघळते, त्यामुळे भरलेला आकार टिकतो. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखी कृत्रिम भुकटी तुलनेने लवकर विरते. हे उणे-अधिक रुग्णासमोर ठेवावे आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. पर्यायांचा तुटवडा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत १९८८ पासून मानवी दात्यांच्या ऊतींवर किरणोत्साराने निर्जंतुकीकरण होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हाडासाठी जैवसक्रिय सिरॅमिक विकसित केले आहे. कित्येकदा आखूड वा तिरके इम्प्लांट बसवून भुकटी टाळताही येते, आणि कित्येकांना साधा ब्रिजही पुरतो, हे सांगण्याचा मोह फारसा कोणाला होत नाही!

तंबाखू, मिसरी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे भरलेल्या हाडाचे खरे शत्रू. त्यांच्यापुढे महागडी भुकटीही हरते.

तेव्हा संमतिपत्र मराठीत असावे आणि त्यात पदार्थाचा उगम स्पष्ट लिहावा: मानवी, गोवंशीय, डुकराचा की कृत्रिम. पाकिटावरील नाव, तुकडी क्रमांक दर्शविणारी चिठ्ठी रुग्णाच्या कागदांत चिकटवून द्यावी.