न आलेल्या बाईचे मत कोणाच्या पेटीत?



गावातले दारूचे दुकान राहावे की उठावे, हे गावच्या बायकांनी गुप्त मतदानाने ठरवावे, अशी सोय महाराष्ट्रात आहे. २५ मार्च २००८ चा सरकारी आदेश आहे तसा. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. एक बाटली उभी, एक बाटली आडवी. उभीवर शिक्का पडला तर दुकान राहील. आडवीवर पडला तर दुकानाला कुलूप. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही उमगावे, अशी ही योजना. ऐकायला झकास आहे. मग बायका रांगा लावून, पोटतिडकीने आडव्या बाटलीवर शिक्के मारून येतात, आणि तरी कित्येक गावांत संध्याकाळी बाटली उभीच राहते, हे गौडबंगाल काय?

गौडबंगाल मोजणीत आहे. ते नीट समजून घ्या, कारण त्यात तुमच्या-आमच्या घरचे नाव गुंतलेले आहे.

रीत अशी आहे. गावातल्या निदान शेकडा पंचवीस महिला मतदारांनी सह्या-अंगठे करून अर्ज द्यायचा, नाहीतर ग्रामसभेने ठराव करायचा. मग राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसे येऊन सह्यांची पडताळणी करतात. पडताळणी पार पडली की कलेक्टर मतदान लावतात. इथवर ठीक. पण दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला किती मते लागतात? पडलेल्या मतांच्या अर्धी नव्हेत. यादीत जेवढी बायकांची नावे आहेत, त्या सगळ्या नावांच्या अर्ध्याहून जास्त. या एका शब्दात सगळी मेख आहे.

हिशेब करून पाहू. कोणत्याही एका गावाचे नाव घेत नाही, आकडे नुसते धरून चाललो आहे. गावच्या यादीत १२०० बायका. बाटली आडवी करायला ६०१ मते हवीत. आता यादी उघडा. त्यात ६० जणी वारलेल्या, नावे कुणी काढली नाहीत. १५० पोरी लग्न होऊन सासरी गेलेल्या, नावे माहेरीच. २०० जणी नवऱ्यामागे शहरात, गिरणीच्या नाहीतर कारखान्याच्या गावी. राहिल्या ७९०. या ७९० मधून ६०१ जणींनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे चारांत तीन बायका, आणि त्याही एकदिलाने. समजा ५९० जणींनी आडवीला मत दिले आणि ७० जणींनी उभीला. आठपट जास्त मते पडली की नाही? तरी निकाल काय? दुकान राहिले! दुकानदार पेढे वाटणार. अकरा मते कमी पडली म्हणे.

आता सांगा, त्या गावात उभ्या बाटलीला मते पडली किती? कागदावर सत्तर. खरी पाहाल तर सहाशेदहा. मेलेली बाई, सासरी गेलेली पोर, परगावी राबणारी कामगाराची बायको, या सगळ्यांची मते दुकानदाराच्या पदरात, तीही न मागता.

मागे एका ग्रामसभेत हाच विषय निघाला होता. मीही मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. ग्रामसेवकाने नियम वाचून दाखवला. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, माझी जाऊ मरून सात वर्सं झाली. ती बी उभ्या बाटलीलाच मत देती व्हय?” सभा हसली. भाऊसाहेब म्हणाले, “आजी, यादी वरून येते, माझ्या हातात काही नाही.” म्हातारी खाली बसली नाही. “मंग ज्याच्या हातात हाय त्याला लिवून कळवा की. तुमी कशाला हाये?” या प्रश्नावर सरपंचांनी चहाचा विषय काढला. पण बंधूंनो, प्रश्न बरोबर होता. बाईने तक्रार दारूबद्दल केली नाही. मोजणीबद्दल केली. आमच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या भाषणांत मी एवढे नेमके बोलणे क्वचित ऐकले आहे.

शिरूर तालुक्यात, आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या पट्ट्यात, हा प्रश्न आणखी वाकडा आहे. (पुण्यापलीकडचा माणूस तळेगाव म्हटले की दाभाड्यांच्या तळेगावी जाऊन उतरतो, म्हणून सांगतो, हे ढमढेऱ्यांचे, वेळ नदीकाठचे.) इकडे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावला कारखाने उठले. पोटासाठी चारी दिशांनी माणूस आला, भाड्याच्या खोलीत राहिला, त्याचे नाव मात्र त्याच्या गावच्या यादीत. उलट इथली पोरे मुंबईला, पुण्याला, पिंपरीला गेली, त्यांची नावे इथे. म्हणजे जी बाई रोज दुकानासमोरून पाणी भरायला जाते तिला मत नाही, आणि जिने चार वर्षांत गावची वेस पाहिली नाही तिचे न टाकलेले मत दुकानाला पावते. पगाराच्या रात्री खोलीत काय तमाशा होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. खाडा कोण भरतो, खानावळीचे बिल कसे थकते, पोराच्या शाळेचे पैसे कुठे जातात, हे पाळीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला येणाऱ्या वासावरून कळते. हलक्या हाताने सूत जोडायचे ते बोट थरथरते. यंत्र कुणाची गय करीत नाही.

पण आज दारूच्या दुष्परिणामांवर लेक्चर झोडायचे नाही. आज मोजणीवर बोलायचे आहे.

सरपंच निवडून कसा येतो? पडलेल्या मतांत ज्याला जास्त तो. आमदार, खासदार तसाच. ‘तुला यादीतल्या निम्म्यांहून जास्त मते नाहीत, तू घरी बस’ असे कुणी कुठल्या आमदाराला म्हटलेले ऐकले आहे का? तसे म्हटले तर विधानसभेच्या किती खुर्च्या रिकाम्या पडतील याचा विचार करा.

आता गोव्याची गोष्ट घेतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या माणसांना ती जुन्या जखमेसारखी ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? तिथेही चित्रेच होती. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. यादीत ३,८८,४३२ मतदार होते. ३,१७,६३३ मते पडली. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. आमच्या बाजूचे लोक कळवळले. पण निकाल निकाल म्हणून मानला, कारण जास्त मते पलीकडे होती.

आता त्याच गोव्याला बाटलीचा कायदा लावून पाहा. यादीचे निम्मे म्हणजे १,९४,२१६. दोन पानांना तेवढी मते होती का? नव्हती. बावीस हजारांनी कमी. फुलाला तर नव्हतीच. बाटलीच्या मापाने मोजले असते तर त्या दिवशी कुणीच जिंकले नसते! एका अख्ख्या प्रदेशाचे भवितव्य पडलेल्या मतांवर ठरले, देशाने ते मान्य केले. आणि एका खेड्यातल्या एका दारूच्या दुकानाला मात्र त्याहून उंच कुंपण? राज्यापेक्षा गुत्ता मोठा झाला की काय?

गोव्याच्या कौलातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मतदानाआधी लोकांनी शंका घेतली. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार विलीनीकरणवाद्यांचे, ते खुर्चीवर असताना मतदान निर्मळ कसे होईल, असा सवाल झाला. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, मग कौल झाला. म्हणजे शंका मतदानाआधी ऐकली गेली आणि तिच्यावर काही केले गेले. आमच्या गावात शंका मतदानानंतर चहाबरोबर गिळल्या जातात.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे. ते ऐकले पाहिजे. ते म्हणतात, परवाना रीतसर आहे, दुकानदाराचे पैसे अडकले आहेत, दोनचार नोकरांचे पोट आहे. मूठभर लोकांनी रागाच्या भरात दुकान बंद करू नये, म्हणून निम्म्या यादीची अट. यात तथ्य अगदीच नाही असे मी म्हणत नाही. दहा टक्के मतदान होऊन दुकान बंद व्हावे असे आम्हालाही वाटत नाही. हवी तर किमान मतदानाची अट घाला. पण मेलेल्याचे मत मोजू नका. आणि दुकान उघडले तेव्हा यादीतल्या निम्म्या बायकांना मतदानाला बोलावून त्यांचा शिक्का घेतला होता का? आम्ही तरी तसे मतदान पाहिलेले नाही. उघडताना वाट सोपी आणि बंद करताना घाट, ही कसली समता?

आणखी म्हणतात, दुकान बंद झाले की चोरटी दारू येते. खरे आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली, बहुतेक हातावर पोट असलेली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, ती २०२१ मध्ये सरकारने उठवली, तेव्हाही चोरट्या दारूचेच कारण पुढे केले. बाटली आडवी झाली म्हणजे हातभट्टी आपोआप विझत नाही. ते काम पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे, आणि ते करून घ्यायला गावाला पुन्हा उभे राहावे लागते. पण चोर येईल म्हणून दार कुणी बांधायचेच सोडत नाही. आणि कायद्याचे नाव तरी वाचा. १९४९ चा दारूबंदी कायदा! त्याच दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे परवाने निघतात आणि खजिन्यात दरसाल हजारो कोटी जमतात. असा खजिना मोजणीची रीत आपण होऊन बदलील, या भ्रमात राहू नका.

सीमाप्रश्नात आपण काय मागत आलो? आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी पाटसकरांनी खेडे हा घटक धरला, तोच न्याय बेळगाव-कारवारला लावा. खेड्याची इच्छा विचारा. या मागणीसाठी गिरणगावातल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. खेड्याची इच्छा सीमेवर मोजायची असेल तर ती शिरूर तालुक्यात गावठाणातही मोजली पाहिजे, आणि सरळ मापाने मोजली पाहिजे.

आता करायचे काय ते सांगतो. कायदा मुंबईत बदलेल, त्याला वेळ लागेल. यादी मात्र गावात दुरुस्त होते. सह्यांचा अर्ज देण्याआधी ग्रामपंचायतीकडून यादी मिळवा आणि वाडीवाडीत मोठ्याने वाचा. वारलेल्यांची आणि कायमच्या गेलेल्यांची नावे काढायला नमुना ७ चा अर्ज असतो, तो भरा, पोच घ्या. ही कामे मतदान लागल्यावर नव्हे, आधी करायची. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती घ्यायला लावा, आणि तिचा ठराव इतिवृत्तात उतरला की नाही ते तिथेच पाहा. ठरावात तीन गोष्टी लिहा. पडताळणी आणि मतदान रविवारी नाहीतर सुट्टीच्या दिवशी, गावातच व्हावे, म्हणजे बाईचा रोज बुडणार नाही. विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी मिळते, बाटलीच्या मतदानाला मिळालेली आम्ही पाहिली नाही. दुसरे, मतदानाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुकान बंद. तिसरे, मोजणी पडलेल्या मतांवर व्हावी, अशी या ग्रामसभेची सरकारकडे मागणी आहे. ही तिसरी मागणी एका गावाने केली तर कचऱ्याच्या टोपलीत जाईल. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शंभर गावांनी केली तर कलेक्टरला फाईल उघडावी लागेल.

आणि कामगार बंधूंनो, तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी किती जणांच्या बायकोचे नाव गावच्या यादीत आहे आणि बिऱ्हाड गिरणीजवळच्या खोलीत? नाव तिथे ठेवण्यामागची माया मला कळते. गावकी आहे, जमिनीचा तुकडा आहे, नाव काढले की गाव सुटल्यासारखे वाटते. पण कायद्याने मतदार जिथे राहतो तिथलाच असतो. बिऱ्हाड कायमचे इकडे असेल तर नमुना ८ भरून तिचे नाव इकडे आणा. जमिनीच्या उताऱ्याला त्याने धक्का लागत नाही. आणि ती खरोखर गावीच राहत असेल, नुसती सुगी संपली म्हणून चार महिने तुमच्याकडे आली असेल, तर मतदानाच्या दिवशी तिला एस.टी.त बसवून द्या. तिकिटाचे पैसे युनियनच्या मंडळींनी वर्गणी करून द्यावेत, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. १ मे जवळ आला की गावोगावी ग्रामसभा भरते. त्या दिवशी ज्याला सुट्टी असेल त्याने मोर्च्यानंतर घरी झोपण्याऐवजी गावची गाडी धरावी आणि यादी बरोबर न्यावी.