जत तालुका कर्नाटकात जाऊ शकतो का? ठराव, पाणी आणि ‘फुटण्या’ची भाषा

सीमाप्रश्न तापला की दोन राज्यांच्या ‘युद्धा’चे नकाशे आणि व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. मिरजेत बसून ते पाहणाऱ्याला हसू यावे. म्हैसाळ ओलांडले की कागवाड, म्हणजे कर्नाटक. तिकडचे रुग्ण मिरजेच्या दवाखान्यांत येतात, बेळगावची रेल्वे याच जंक्शनवरून जाते. मग गावे ‘फुटून जाण्या’ची भाषा येते कुठून?

२०२२ मध्ये काय घडले?

नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील सुमारे ४० गावांवर दावा सांगितला. आधार होता ग्रामपंचायतींच्या ठरावांचा. ते ठराव २०१२ चे, पाणीटंचाईच्या काळातले, असा खुलासा देवेंद्र फडणवीस यांनी केला. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि एसटीने कर्नाटकातील फेऱ्या थांबवल्या. भाषणे करणाऱ्यांचे काही अडले नाही. अडकले ते चालक आणि प्रवासी. १४ डिसेंबरला अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत, असे ठरवले.

कायदा काय सांगतो?

ग्रामपंचायतीच्या ठरावाने राज्याची सीमा हलत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार हा अधिकार संसदेचा. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, संबंधित विधिमंडळांचे मत मागवले जाते. पण ते संसदेवर बंधनकारक नसते. २०१४ मध्ये आंध्र विधानसभेचा विरोध असतानाही तेलंगणा झालाच. देशातून फुटण्याची वाट मात्र घटनेत नाही. १९६३ च्या १६ व्या घटनादुरुस्तीने निवडणूक लढवणाऱ्याच्या शपथेतच देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची हमी घातली. राज्य बदलण्याची मागणी हा देशद्रोह नव्हे, एवढा फरक तरी चर्चा करणाऱ्यांनी पाळावा.

मग जतचे दुखणे काय?

पाणी. कृष्णेचे पाणी मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे उचलून टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे नेले जाते. जतच्या पूर्व भागातली गावे वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत राहिली. तिथे कन्नड बोलली जाते हे खरे. पण ती काही २०१२ मध्ये सुरू झाली नाही. ‘कर्नाटकात जातो’ ही धमकी होती आणि ती लागू पडली. बोम्मईंच्या दाव्यानंतरच विस्तारित म्हैसाळ योजनेच्या हालचालींना वेग आला. जे काम साध्या अर्जांनी व्हायला हवे होते, त्यासाठी गावांना शेजारच्या मुख्यमंत्र्याचा आधार घ्यावा लागला, ही नामुष्की मुंबईची आहे.

बेळगावचा प्रश्न वेगळा. तिथल्या मराठी माणसाचा झगडा १९५६ पासूनचा, भाषेचा. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला. पण तिथे लोकेच्छा मानायची आणि जतमध्ये ती उच्चारणाऱ्याला गद्दार म्हणायचे, हे चालणार नाही. तिथे मराठी कागदपत्रे मागतो, तर जतमधल्या कन्नड शाळांना पुरेसे शिक्षक देणे आपल्याकडेही लागते.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हैसाळचे पाणी जतच्या शेवटच्या गावात कोणत्या महिन्यात पोचणार, हे सांगायला मात्र सरकारला कोणत्याही निकालाची गरज नाही. ती तारीख जाहीर करावी.