नाण्याला चिंच नको!

मित्रांनो, समजा तुम्ही माझगावात राहता. चाळीमागं पाइपासाठी खड्डा खणलाय आणि मातीच्या ढिगात एक हिरवट चकती दिसली. उचलून पाहता तर काय, तांब्याचं जुनं नाणं! आता काय कराल? खरं सांगा, धावत घरी जाऊन लिंबू-मीठ नाहीतर चिंच घेऊन घासायला बसाल ना? आजीचा तांब्या चिंचेनं लख्ख होतो, मग नाणं का नाही?

थांबा! घोटाळा होतो तो इथंच.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. इथं इंग्रजांचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं तो १६९० मध्ये पाडला. शेजारी गोदी, जहाजांची ये-जा. अशा जागी सापडलेलं नाणं कदाचित शिवराई असेल : एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. किंवा कंपनी सरकारचा पैसा असेल. १७९१ आणि १७९४ सालचे असे पैसे बर्मिंगहॅमला पाडून जहाजानं मुंबईला आणले होते. त्यांवर तराजू असतो आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द. ही अक्षरं हीच नाण्याची ओळख. ती गेली की हातात उरतो नुसता तांब्याचा तुकडा.

पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, हे घरात ऐकलं असेल. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो. तांब्या जाड असतो, त्याचं फारसं बिघडत नाही. पण नाण्यावरची अक्षरं उथळ असतात. शिवाय वर्षानुवर्षं मातीत पडलेल्या नाण्याचा वरचा थर बदलून हिरवा झालेला असतो आणि पुष्कळदा अक्षरं त्या थरातच टिकलेली असतात. थर खरवडला की अक्षरंही गेली!

हिरवा रंग मात्र दोन तऱ्हेचा असतो. गडद, कडक, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे नाण्याचं चिलखत. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी म्हणजे आजार. खाऱ्या मातीतला क्लोरीन तांब्याशी संयोग पावतो आणि दमट हवा मिळाली की नाणं आतून पोखरत राहतो. म्हणजे मीठ हा नाण्याचा शत्रू, आणि आपण लिंबाबरोबर तेच चोळायला निघालो होतो!

मग करायचं काय?

१. नाणं कुठं, किती खोल, कोणत्या तारखेला सापडलं ते लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. खूप नाणी एकत्र दिसली तर हलवू नका, मोठ्यांना बोलवा.

२. भुकटी दिसली तर साफसफाई नकोच. नाणं कोरडं ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवा.

३. भुकटी नसेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा. बॅटरीच्या दुकानातून आणताना ते पाणीच आहे, ॲसिड नाही, याची मोठ्यांकडून खात्री करून घ्या. आठवडाभर रोज पाणी बदला.

४. सुटलेली माती मऊ ब्रशनं किंवा भिजवलेल्या टूथपिकनं हळूच काढा. सुई, ब्लेड, घासणी, पावडर, तेल काही नको. जी माती निघत नाही ती राहू द्या.

५. मऊ सुती कापडानं टिपा आणि टेबललॅम्पच्या उबेत दिवसभर वाळवा.

६. कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी मिळते, तीही आत टाका. मऊ प्लॅस्टिकचे अल्बम टाळा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा नाणं पाहा.

नाणं हाताळताना हातमोजे घाला, कारण घामातही मीठ असतं. ती हिरवी भुकटी विषारी असते, म्हणून फुंकर मारू नका आणि काम झालं की साबणानं हात धुवा.

आणि हो, आईबाबांना हेही वाचून दाखवा : १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. त्यामुळे सफाईच्या आधी ते काम.

चकाकणारी नाणी बाजारात रोज मिळतात. पण दोनशे वर्षं मातीत राहून आलेलं नाणं हिरवंच शोभतं. त्याला तसंच जपा!