काचेवरचा तुकडा आणि आपले प्रोजेक्ट

मित्रांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हटलं की हल्ली हॉस्टेलवर एकच संवाद ऐकू येतो. "कोणता विषय घ्यायलास?" "एआय! कॅन्सर डिटेक्शन." पेशींचे हजारो फोटो इंटरनेटवर फुकट मिळतात. ते उतरवून घ्यायचे, मॉडेलला खाऊ घालायचे आणि अचूकता ९८ टक्के दिसली की रिपोर्ट बाइंडिंगला टाकायचा. विषय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या फोटोतला गुलाबी-जांभळा तुकडा काचेवर आला कसा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्याला ठाऊक नाही त्याने हा प्रोजेक्ट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मूळचा लातूरचा, शिकायला नांदेडला. या विषयाकडे वळलो ते मामांमुळे. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवायला सांगितला. तो पोचला सलाईनच्या पाण्यात! दोन दिवसांनी निरोप आला, 'नमुना खराब झालाय, पुन्हा काढावा लागेल.' पुन्हा सुई, पुन्हा टाके, पुन्हा घरभर धाकधूक. कारण काय, तर बाटलीत फॉर्मॅलिन नव्हतं.

त्यानंतर मी तंत्रज्ञांना विचारून, पुस्तकं चाळून ही प्रक्रिया समजून घेतली. शरीरातून बाहेर पडताच पेशी आपल्याच एन्झाइमने स्वतःला पचवायला लागते. ते थांबवायला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. त्याने प्रथिनं एकमेकांशी जखडली जातात आणि पेशी आहे त्या आकारात थांबते. फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरच्या हे १८९३ मध्ये लक्षात आलं, तेही जंतुनाशक म्हणून फॉर्मॅलिन तपासताना त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली म्हणून! फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट लागतं आणि ते आत शिरतं ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर, खोल जाईल तसं आणखी हळू. म्हणून मोठ्या तुकड्याचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप करतात. डिफ्युजनचा धडा आपण पाठ करतो, तो इथे प्रत्यक्ष चालतो.

पुढचा प्रश्न असा की ओला, लिबलिबीत तुकडा पातळ कापायचा कसा? त्याला मेणाचा आधार द्यावा लागतो. पण मेण आणि पाणी एकत्र येत नाहीत. म्हणून आधी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन आत मुरू द्यायचं. याला एक रात्र जाते. रिपोर्ट उद्याच का मिळत नाही, याचं उत्तर इथे आहे. मग मायक्रोटोमवर तीन ते पाच मायक्रॉनचे काप. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीत पंधरा-वीस काप! आपल्या मे महिन्यात मेण नरम पडतं, म्हणून ब्लॉक आधी बर्फावर गार करावा लागतो. पातं बोथट असेल तर कापावर रेघा उठतात. काप कोमट पाण्यावर नीट पसरला नाही तर घडी पडते.

शेवटी रंग. हिमॅटॉक्सिलिन हा एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग पेशीकेंद्र जांभळं-निळं करतो, इओसिन बाकीचा भाग गुलाबी. केंद्राला निळी छटा यायला स्लाईड वाहत्या नळाच्या पाण्यात धुतात, कारण ते पाणी किंचित अल्कधर्मी असतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना 'वाहतं नळाचं पाणी' या तीन शब्दांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता सांगा, यात आपली कोणती ब्रँच नाही? मायक्रोटोम मेकॅनिकलचा, तापमान नियंत्रण इन्स्ट्रुमेंटेशनचं, द्रावणं केमिकलची. आणि कॉम्प्युटरवाल्यांनी तर कान देऊन ऐकावं. प्रत्येक लॅबचा रंग थोडा वेगळा येतो. घडी, रेघ, हवेचा बुडबुडा हे सगळं फोटोत उतरतं. तुमचं मॉडेल कॅन्सर ओळखतंय की त्या लॅबचा रंग, हे तुम्हाला कसं कळणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

कोणी म्हणेल, "हे डॉक्टरांचं काम, आपण कामून डोकं घालायचं?" निदान करणं डॉक्टरांचंच काम आहे, त्यात दुमत नाही. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकर या आपल्या मराठी माणसाने उभी केली, तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन केलं. तो अधिकार आपला नाही. पण त्यांच्यापर्यंत नीट काप पोचवणारी यंत्रं आणि साखळी, हे आपलंच काम आहे.

आपण फार लांब जायचीही गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग कॉलेज आणि शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. लातूरलाही २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझी सरांना विनंती आहे की मेडिकलचा प्रोजेक्ट घेणाऱ्या प्रत्येक गटाला परवानगी काढून एक दिवस हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बसवावं. तालुक्याहून नमुना सुरक्षित आणणारी साधी, न सांडणारी, वेळ नोंदवणारी पेटी जरी कोणी बनवली तरी मी तिला ९८ टक्क्यांपेक्षा मोठा प्रोजेक्ट म्हणेन.

आणि हॉस्टेलच्या मित्रांनो, एक कडू गोष्ट. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी जिन्यातले कोपरे लाल आहेतच. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर सुपारी आजच थुंका आणि डॉक्टरांना दाखवा. काचेवरचा तुकडा समजून घ्यायला लॅबमध्ये जाऊ या. तो आपल्या तोंडातला असण्याची वेळ कुणावर न येवो!