सेन्सर नंतर, आधी नाला मोजा

जूचंद्रची ओळख रांगोळीची. रांगोळीत आधी जागा बघतात, मग रंग काढतात. आपल्या प्रोजेक्टमध्ये मात्र उलटं चालतं. आधी किट मागवायचं, मग त्याला साजेसा प्रश्न शोधायचा. व्हायवाच्या टेबलावर एलईडी पेटला की मार्क मिळतात. पावसात ते यंत्र टिकेल का, हे कुणी विचारत नाही.

इथे तर तोच प्रश्न महत्त्वाचा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल ठप्प झाल्या, मिठागरांत माणसं अडकली. नाला भरतोय हे वेळीच कळवणारं यंत्र तुम्हीही बनवू शकता. फक्त क्रम बदला.

पाऊस सुरू होण्याआधी टेप घेऊन जा. नाला किती खोल आहे, पाणी कुठवर चढतं, हे शेजारच्या काकांना विचारा. सेन्सर त्यावरून ठरेल. पाण्यात बुडवायची स्वस्त पट्टी नकोच. खाऱ्या पाण्यात वीज वाहिली की तिचं तांबं झिजतं. त्यापेक्षा वरून आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बरा. एचसी-एसआर०४ हा २ सेंटीमीटर ते ४ मीटर मोजतो, पण पाऊस सोसत नाही. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घ्याल, तर त्याला पहिल्या २०-२५ सेंटीमीटरमधलं दिसत नाही. म्हणून तो पुराच्या रेषेच्या किमान एक फूट वर लावा. तापमान २० वरून ३५ अंशांवर गेलं, तर दोन मीटरमागे पाचेक सेंटीमीटरचा फरक पडतो. तोही हिशेबात धरा.

डब्याचा आकार बोर्डावरून नाही, बॅटरीवरून ठरवा. १८६५० सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २६०० एमएएचच्या सेलवर वायफाय सतत चालू ठेवून सरासरी १०० मिलिअँपिअर ओढलेत, तर फार तर २६ तास. दर दहा मिनिटांनी फक्त दहा सेकंद जागं केलंत, तर तोच खर्च सरासरी दोन मिलिअँपिअरच्या आत येतो. बोर्ड झोपेत किती खातो, ते मात्र मल्टिमीटरने वेगळं मोजा. सेल होल्डर आणि वायर वळवायची जागा धरून आधी पुठ्ठ्याचा डबा करून बघा.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. डेमो एसी लॅबमध्ये मार्चला घेण्यापेक्षा जुलैच्या एका रात्री नाल्यावर घ्या. सकाळी रीडिंग बरोबर आलं, तर मार्क द्या.